दारातच अडलेलं ड्रॉइंग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचं काम ड्रॉइंगवर चालतं. गिऱ्हाईक पुण्याचं असो, चेन्नईचं असो की जर्मनीचं, कास्टिंगचं ड्रॉइंग ईमेलला जोडून येतं, त्यावर दर काढला जातो, पॅटर्न बनतो आणि मग भट्टीचं काम सुरू होतं. ते ड्रॉइंग मेल सर्व्हरने शनिवारी अडवलं आणि सोमवारी सोडलं, तर मधल्या वेळेत दर देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. उलट ड्रॉइंगच्या नावाखाली भलतंच काही आत शिरलं, तर हिशेबाच्या फायली कुलूपबंद होतात आणि महिनाअखेरीला पगारपत्रक निघत नाही.

या दोन भीतींना मी समोरासमोर बसवलं आहे. मामा एका फाउंड्रीत खरेदी आणि मार्केटिंग दोन्ही पाहतात, निवृत्तीला आले आहेत. भाची पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळते. दोघंही कल्पनेतली. त्यांचा वाद मात्र संगणक असलेल्या कुठल्याही कचेरीत ऐकायला मिळेल.

मामा : शनिवारी दुपारी गिऱ्हाइकानं झिप पाठवली. आत पंपाच्या हाउसिंगची ड्रॉइंगं. आमच्या सर्व्हरनं ती गिळली आणि ढेकरसुद्धा दिला नाही. ना मला कळवलं, ना त्याला. सोमवारी त्याचाच फोन, ‘काय साहेब, काम नको झालंय का?’ तोवर दुसऱ्यानं दर दिला होता. आता तू सांग, ही राखण झाली का धंदा बुडवणं झालं?

भाची : झिपमध्ये नुसती ड्रॉइंगंच होती?

मामा : मग काय, लाडू असतील?

भाची : डॉट एलएसपी किंवा डॉट एफएएस अशी एखादी फाईल होती का, ते विचारतेय.

मामा : असेल एखादी. त्याच्या ड्राफ्ट्समननं सगळा फोल्डरच झिप करून पाठवला होता. आत काय काय होतं ते त्यालाच ठाऊक.

भाची : मग फिल्टर उगाच अडला नाही. २०१२ साली पेरू देशात ईसेट या अँटिव्हायरस कंपनीला एक वर्म सापडला, एसीएडी मेद्रे नावाचा. ऑटोकॅडच्याच ऑटोलिस्प भाषेत लिहिलेला, एलएसपी आणि एफएएस या त्याच भाषेच्या फायली. त्या काळी ऑटोकॅडला ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची लिस्प फाईल दिसली, की काही न विचारता ते ती चालवायचं. झिप सोडवली, ड्रॉइंगवर क्लिक केलं, की शेजारची फाईल कामाला लागली. मग त्या संगणकावर जे ड्रॉइंग उघडाल त्याची एक प्रत चीनमधल्या ईमेल खात्यांकडे रवाना. अशी हजारो ड्रॉइंगं गेली, मामा. डिझाइन गिऱ्हाइकाचं, आणि गेलं कुठून? तर तुमच्यासारख्या पुरवठादाराच्या टेबलावरून.

मामा : बरं, मानलं. पण माझ्या झिपमधली ती फाईल चोर होती का?

भाची : नसणार. ड्राफ्ट्समननं स्वतःच्या सोयीसाठी केलेलं काहीतरी असेल, लेयरची नावं बदलणारं वगैरे. पण ते उघडून बघायला शनिवारी दुपारनंतर तिथं माणूसच नव्हतं. अडवलं ते ठीक केलं. अडवून सगळे घरी गेले, ती चूक.

मामा : म्हणजे निम्मी केस मी जिंकलो.

भाची : निम्मीच.

एवढ्यावर वाद मिटला असता तरी माझी हरकत नव्हती, कारण माझं मतही भाचीच्या त्या शेवटच्या वाक्याच्या आसपास आहे. पण खरेदी खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस पहिल्या सवलतीवर कधी सौदा करत नाही.

मामा : मला एक कळत नाही, यात एवढं अवघड काय आहे? धोक्याच्या फायलींची यादी करा. त्या अडवा, बाकीचं सोडून द्या.

भाची : यादी आहेच की. एका प्रेमपत्रानं ती करायला लावली. ४ मे २००० ला मनिलाहून सुटलेलं. विषय ‘आय लव्ह यू’. जोडलेल्या फाईलचं नाव दिसायचं ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी’. खरं तर त्यापुढं डॉट व्हीबीएस असं आणखी एक शेपूट होतं, म्हणजे ती चालणारी स्क्रिप्ट होती. पण विंडोज ओळखीची शेपटं मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळं लोकांना वाटलं साधा मजकूर आहे. उघडली, की आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र, आणि संगणकातल्या फोटोंच्या जागी त्या स्क्रिप्टच्याच प्रती. ब्रिटनच्या संसदेनं मेल बंद ठेवला होता. ज्याच्यावर आरोप झाला त्या तरुणाला सोडून द्यावं लागलं, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा असल्या गुन्ह्याला कायदाच नव्हता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं आउटलुकला दुरुस्ती दिली आणि काही प्रकारच्या फायली उघडूच द्यायच्या नाहीत असं ठरलं.

(अटॅचमेंटचा जन्म खरं तर असा भयानक नाही. ११ मार्च १९९२ रोजी नथॅनिएल बोरेन्स्टीन यांनी नव्या पद्धतीने जोडून जे पहिलं टपाल पाठवलं, त्यात त्यांच्या हौशी गायकांच्या चौकडीचा फोटो आणि त्यांचं गाणं होतं. लोकांना हे कशाला हवं, असंही तेव्हा काहींना वाटलं म्हणे.)

मामा : मग झालं की! पंचवीस वर्षं झाली यादीला.

भाची : आणि पंचवीस वर्षं तिला चुकवायचा धंदा चाललाय. फाईलचं नाव बदललं की यादी संपली. अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात ना, त्यांच्यासाठी एक न दिसणारी खूण असते. ती नावाच्या मधे घातली की पुढची अक्षरं उलटी दिसतात. ईएक्सई पोटात जातं आणि शेवटी पीडीएफ दिसतं. म्हणून आम्ही नुसतं नाव बघत नाही, फाईलची पहिली अक्षरंही बघतो. विंडोजचा कुठलाही प्रोग्रॅम ‘एमझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. मार्क झ्बिकोव्स्की नावाच्या इंजिनिअरची आद्याक्षरं ती. झिप ‘पीके’नं सुरू होते, ती झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची.

मामा : मग ती दोन अक्षरं बघा आणि सोडा.

भाची : नवी वर्ड फाईल, नवी एक्सेल, जावाचा प्रोग्रॅम, सगळ्यांची सुरुवात ‘पीके’च. आतून त्या झिपच असतात. म्हणजे उलगडून आत शिरावं लागतं. झिपमध्ये झिप, तिच्यात आणखी झिप. एक प्रसिद्ध फाईल आहे, ४२ केबीची. पूर्ण उलगडली तर साडेचार पेटाबाइट. सर्व्हर ती उलगडत बसला तर तुमचे सगळेच मेल अडतील. म्हणून किती थर उलगडायचे याला मर्यादा घालतो. त्यापलीकडचं ते न तपासलेलं. आता न तपासलेलं अडवायचं का सोडायचं?

मामा : ते तू ठरव.

भाची : बघा! ठरवायची वेळ आली की सगळे तू ठरव म्हणतात, आणि ठरवलं की विचारतात, तू कोण?

मामा : (हसत) बरं, मॅक्रोचं सांग. आमच्या सीएकडून येणारी आयकराची एक्सेल मॅक्रो चालू केल्याशिवाय हलत नाही. सरकार म्हणतंय चालू करा, तुम्ही म्हणताय बंद करा. ऐकायचं कुणाचं?

भाची : ती युटिलिटी खात्याच्या पोर्टलवरूनच उतरवून घ्यायची. मेलमधून आलेली वापरायची नाही, मग सीए कितीही घरचा असो. सीएनं पाठवायची ती त्यातून निघालेली जेसन फाईल, तिच्यात चालण्यासारखं काही नसतं. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनंही इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली. मग चोरांनी काय करावं? मॅक्रो सोडले आणि डिस्कची प्रत असलेली आयएसओ धरली, शॉर्टकटची एलएनके धरली, २०२३ च्या सुरुवातीला वननोटच्या वह्या धरल्या.

मामा : फाउंड्रीत वननोट कोण वापरतंय?

भाची : कुणीच नाही! मग तुमच्याकडं ती दारातच परत पाठवायची, विचारसुद्धा करायचा नाही. आणि डीडब्ल्यूजी, स्टेप या ड्रॉइंगच्या फायली तुमच्याकडं रोजच्या. माझ्या कंपनीची यादी उचलून तुमच्याकडं लावली तर ती नको ते अडवणार आणि नको ते सोडणार. कुठल्या फायलींवर या कारखान्याचं पोट चालतं, हे आयटीवाल्यानं खरेदीत, हिशेबात, डिझाइनला जाऊन विचारलं पाहिजे.

मामा : आमच्याकडं कुणी आलं नाही विचारायला.

भाची : तुम्ही गेला होता सांगायला?

मामा : बोलावलं असतं तर गेलो असतो.

भाची : आणि झिपच्या आत एलएसपी, एफएएस सापडलं तर अख्खी झिप अडवायची गरज नसते. ड्रॉइंगं पुढं जाऊ द्यायची, तेवढी एक फाईल काढून ठेवायची आणि तसं मेलमध्ये लिहायचं. तुमची इन्क्वायरी तिथंच वाचली असती.

मामा : हे आधी का नाही बोललीस?

मामांचा पुढचा उपाय हा प्रत्येक कचेरीत कुणीतरी सुचवतोच, आणि तो सुचवणारा बहुधा सगळ्यात अनुभवी माणूस असतो.

मामा : माझे पुरवठादार वीस-वीस वर्षांचे आहेत. वाळूवाला, पिग आयर्नवाला, पॅटर्नवाला. त्यांचे पत्ते लिहून देतो. त्यांचं काही अडवू नका.

भाची : प्रेमपत्र कुणाकडून यायचं? ओळखीच्याकडूनच. आता तर त्याहून वाईट आहे. इमोटेट म्हणून एक घातक प्रोग्रॅम होता, २०१४ पासूनचा. ज्या संगणकात शिरेल तिथले जुने मेल चोरायचा आणि चालू संवादातच उत्तर टाकायचा. तुम्ही वाळूवाल्याला विचारलंय, ‘बिल कधी पाठवताय?’ त्याखाली उत्तर येतं, ‘सोबत बिल जोडलं आहे.’ वरचं वाक्य तुमचंच, विषय तुमचाच. जानेवारी २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेच्या पोलिसांनी मिळून तो बंद पाडला. नोव्हेंबरात परत आला.

मामा : म्हणजे माझ्याच मेलला उत्तर?

भाची : तुमच्याच. आणि पुरवठादाराच्या खात्याचा पासवर्डच चोरीला गेला असेल, तर पाठवणाऱ्या सर्व्हरची सहीसुद्धा जुळते. यादीतल्या पत्त्यांना थोडी सवलत देईन मी. न तपासता सोडायचं असं एकालाही नाही.

मामा : ठीक. आता माझा खरा मुद्दा घे. आम्हाला शिकवलं कुणी, की महत्त्वाच्या फायलीला पासवर्ड लावा? तुम्हीच. बँकेचं स्टेटमेंट पासवर्डचं. ई-आधार पासवर्डचं, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फॉर्म सोळा पासवर्डचा. एवढं शहाण्यासारखं वागावं, तर तुमचा सर्व्हर कुलूप बघून घाबरतोय!

भाची : इथं माझ्याकडं चांगलं उत्तर नाही, मामा.

मामा : आँ?

भाची : खरंच नाही. कुलूप लावलेली फाईल स्कॅनरला दिसत नाही. २००४ मध्ये बॅगल नावाच्या वर्मनं हेच हेरलं. स्वतःला पासवर्डच्या झिपमध्ये बांधायचा आणि पासवर्ड मेलमध्येच लिहायचा. स्कॅनरवाले मजकुरातला पासवर्ड वाचून झिप उघडायला लागले, तर पुढच्या आवृत्तीत तो पासवर्ड चित्रात लिहून यायला लागला. ज्या मेलमध्ये कुलूप आणि किल्ली एकत्रच येतात, तिथं ते कुलूप कुणासाठी असतं? फक्त तपासणाऱ्यासाठी. म्हणून पासवर्डची झिप मी थांबवते. पासवर्डचं पीडीएफ बँकेच्या सर्व्हरकडून आलं असेल आणि सही जुळत असेल, तर जाऊ देते. जुळणी न होणारं थांबवते. यातून चुकीचं सुटतही असेल, बरोबर अडतही असेल. आणि आधारच्या प्रती मेलवर मागूच नका, असं एचआरला सांगून थकले.

असा कबुलीजबाब देणारा तांत्रिक माणूस क्वचित भेटतो. भाची माझ्याच कल्पनेतली असल्यामुळे तिला तेवढं स्वातंत्र्य दिलं आहे.

आता एक खरी घटना, जी दोघांनाही आपापल्या बाजूची वाटते. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या आरएसए या कंपनीने जाहीर केलं की आपल्या संगणकांत कुणीतरी घुसलं आहे. ही कंपनी दुसऱ्यांना सुरक्षा विकणारी. सहा आकडे दाखवणारी तिची छोटी टोकन जगभरच्या बँकांचे आणि संरक्षण कंपन्यांचे लोक किल्लीच्या जुडग्याला लावून फिरत. घुसखोर आला ईमेलमधून. दोन दिवसांत कर्मचाऱ्यांच्या दोन छोट्या गटांना मेल गेले होते, सोबत ‘२०११ रिक्रूटमेंट प्लॅन’ नावाची एक्सेल. आत फ्लॅशची एक फाईल लपवलेली, आणि तिने फ्लॅशमधल्या अशा भोकाचा फायदा घेतला ज्यावर तोवर ठिगळ निघालंच नव्हतं. अँटिव्हायरसकडून फारशी अपेक्षा करावी अशी स्थितीच नव्हती. तरीही फिल्टरने तो मेल जंकमध्ये टाकला होता. एका कर्मचाऱ्याने तो जंक फोल्डरमधून बाहेर काढला आणि उघडला. पुढे लॉकहीड मार्टिन या संरक्षण कंपनीवर त्या चोरलेल्या माहितीच्या बळावर हल्ल्याचा प्रयत्न झाला, आरएसएला टोकन बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली, आणि तिच्या मूळ कंपनीने एका तिमाहीत यापोटी ६ कोटी ६० लाख डॉलरचा खर्च दाखवला.

भाची : म्हणून मी म्हणते, अडवलेलं सोडवायचं बटण सगळ्यांच्या हातात नको. फिल्टरनं आपलं काम केलं होतं.

मामा : आणि मी म्हणतो, त्या माणसानं जंक उघडलाच का? कारण तुमचा फिल्टर रोज कामाचे मेल तिथं टाकतो, म्हणून रोज तिथं जाऊन धुंडाळायची सवय लागते. माझंच बघ. सकाळी पहिल्यांदा जंक बघतो, मग इनबॉक्स. आमच्या चौकशा तिथंच असतात. दहा वेळा खोटं ओरडलात तर अकराव्यांदा कोण ऐकणार?

भाची : पण नोकरभरतीच्या फाईलचं त्याला काय काम होतं?

मामा : काम कशाला लागतंय? यंदा कुणाला घेणार, कुणाला काढणार, हे वाचायला मी पण उघडली असती.

मामांचं हे वाक्य मला त्या प्रकरणाच्या कितीतरी तांत्रिक अहवालांपेक्षा जास्त पटतं.

भाची : बरं, समजा तुमचं ऐकलं. अडवलं की कळवायचं. कुणाला?

मामा : दोघांना. पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. आमच्या काळात बारनिशीत पत्र आलं की आवक नंबर पडायचा. ते पत्र साहेबाच्या टेबलावर महिनाभर पडून राहो, नाहीतर फाडलं जावो, नंबर होता. बाहेरचा माणूस खिडकीत येऊन विचारू शकायचा, ‘माझा आवक नंबर अमुक, पत्र कुठं आहे?’ तुमच्या सर्व्हरकडं पत्र आलं की नंबरच नाही. आलं का नाही, हेच कुणी सांगत नाही.

भाची : नंबर असतो, मामा. प्रत्येक मेलला असतो, लॉगमध्ये. तुम्हाला कुणी दाखवत नाही, एवढंच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात, आणि घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवावं लागतं.

मामा : मग दाखवा की तो नंबर!

भाची : घेणाऱ्याला दाखवते. माझ्याकडं दर दोन तासांनी प्रत्येकाला यादी जाते, काय अडलंय, कुणाकडून, फाईलचं नाव काय. पाठवणाऱ्याचं मात्र नाजूक आहे. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग एफ नावाचा वर्म आला, तो ‘कुणाकडून’ या जागी खोटाच पत्ता घालायचा. जगभरचे सर्व्हर त्या खोट्या पत्त्यावर मोठ्या जबाबदारीनं कळवायला लागले, ‘तुमच्या मेलमध्ये व्हायरस आहे.’ ज्यांनी काही पाठवलंच नव्हतं त्यांच्या पेट्या या इशाऱ्यांनीच भरल्या.

मामा : मग गप्प बसायचं?

भाची : नाही. दारातच नाही म्हणायचं. समोरचा सर्व्हर मेल द्यायला जोडलेला असतानाच तपासायचं आणि तो घ्यायलाच नकार द्यायचा. मग पाठवणाऱ्याला कळवायची जबाबदारी त्याच्याच सर्व्हरवर राहते. खरा माणूस असेल तर त्याला मिनिटभरात ‘मेल पोचला नाही’ असं येतं, आणि तो तुम्हाला फोन करतो. चोराला आलं तर आलं. ईएक्सई, आयएसओ, वननोट यांच्याबाबत मी हेच करते. एकदा मेल घेतला, मग नंतर कुणाला वाटलं म्हणून परत पाठवला, की सोबिगची गोष्ट परत.

मामा : माझी झिप दारातच नाकारली असती तरी चाललं असतं मला. गिऱ्हाइकाला शनिवारीच कळलं असतं. त्यानं व्हॉट्सअॅपवर टाकली असती.

भाची : आणि तिथंच माझं पोट दुखतं.

मामा : दुखू दे. निम्मा कारखाना व्हॉट्सअॅपवर चालतोय. ड्रॉइंग मोठं असलं तर मेलवर जातच नाही. पंधरा एमबीची फाईल मेलमध्ये वीसची होते, हे तूच सांगितलं होतंस.

भाची : हो. मेल मूळचा साध्या अक्षरांसाठी केलेला, म्हणून दर तीन बाइटची चार अक्षरं करून पाठवावी लागतात.

मामा : म्हणून लोक लिंक पाठवतात. लिंकमागचं तुझा सर्व्हर बघतो?

भाची : नेहमी नाही. आज लिंकमागं काही नसतं, आणि उद्या सकाळी असतं. हेही तुमच्या बाजूला लिहून घ्या. मी फार घट्ट केलं तर काम माझ्या नजरेआड जातं, हे मला कळतंय. पण मी थांबवते त्यामागं आणखी एक कारण आहे. नवा व्हायरस सुटला की पहिले काही तास बऱ्याच अँटिव्हायरसना तो ओळखता येत नाही. तीच फाईल चार तासांनी परत तपासली तर पुष्कळदा सापडते. थांबवणं हा सुद्धा तपासच असतो.

मामा : चार तास मला चालतील. दोन दिवस नाही.

भाची : मान्य.

मामा : आणि तपासणारं माणूस काय काय वाचतं? माझ्या डॉक्टरचा रिपोर्ट मी कचेरीच्या मेलवर मागवला होता. युनियनची पत्रं येतात. कुणाचा पगार किती, ते येतं.

भाची : मी नाव, विषय आणि फाईलची जात बघते. मजकूर उघडायचा असेल तर ज्याचा मेल त्याला विचारून, आणि उघडला याची नोंद राहते. सगळीकडं असं असतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सर्व्हर ज्याच्या हातात त्याला सगळं दिसू शकतं. तुमच्या कंपनीत काय नियम आहे, ते लेखी मागा.

मामा : लेखी! आमच्या एमडींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, माझा मेल कुणी अडवायचा नाही. त्यांना फिल्टरच नाही.

भाची : मग तुमच्या कारखान्याचं मुख्य दार उघडं आहे. चोराला एमडीच हवे असतात. त्यांच्या एका मेलवर बँकेतून पैसे हलतात. आणि त्याला अटॅचमेंटही लागत नाही. ‘आमचं बँक खातं बदललंय, यापुढं पैसे या खात्यावर भरा’, एवढं एक वाक्य. माझा कुठलाही फिल्टर त्यात काय अडवणार?

मामा : त्याला उपाय माझ्याकडं आहे. खातं बदललं असं पत्र आलं की मी पुरवठादाराला फोन करतो. पत्रात दिलेल्या नंबरवर नाही, माझ्या डायरीतल्या. गेल्या वर्षी त्यावरून आमच्या हिशेबातल्या बाईंशी वाजलं माझं. त्या म्हणाल्या, लेटरहेडवर आलंय, सही आहे, शिक्का आहे, पैसे सोडते. मी म्हटलं, आधी फोन. तेव्हापासून बोलत नाहीत.

भाची : पत्र खरं होतं का?

मामा : खरं निघालं. म्हणूनच बोलत नाहीत!

भाची : तरी बरोबर केलंत.

मामा : ते जाऊ दे. तुमचा फिल्टर चालतोय, हे तरी कशावरून? आमच्याकडं क्रेनची सुद्धा लोड टेस्ट होते.

भाची : आयकार नावाची ६८ अक्षरांची फाईल आहे. निरुपद्रवी. सगळ्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस म्हणायचं असं आपसांत ठरलेलं. ती स्वतःला पाठवून बघायची. अडली तर फिल्टर जिवंत आहे, एवढं कळतं. हुशार आहे का, ते कळत नाही.

मामा : तर मग माझं मागणं ऐक. दारात नाकारता येईल ते दारात नाकारा. झिपमधली एखादीच फाईल खटकत असेल तर तेवढीच काढा. थांबवाल त्याची यादी मला दोन तासांनी द्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत कुणीतरी बसवा. आणि ड्रॉइंगच्या झिप सोडायचं बटण माझ्या हातात द्या. ड्रॉइंग कुठलं आणि भंगार कुठलं, हे आयटीतल्या पोरापेक्षा मला जास्त कळतं.

भाची : शेवटचं सोडून सगळं लिहून देते, तुमच्या आयटीवाल्याला द्या.

मामा : शेवटचं का नाही?

भाची : शनिवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकाचा फोन चालू असताना, तुम्ही ते बटण बघून दाबाल का न बघता?

मामा : … न बघता.

भाची : म्हणून दोघांचं बटण करू. तुम्ही मागायचं, दुसऱ्यानं बघून सोडायचं. दुसरा माणूस खरेदीतला नको. त्या ऑर्डरशी त्याचा संबंध नसावा आणि तुमची भीडही नसावी.

मामा : असा कोण आहे आमच्याकडं?

भाची : हिशेबातल्या बाई.

मामा : अगं, ती मला सोमवारपर्यंत लटकवून ठेवेल!

भाची : फोन करून विचारेल तरी, ‘हे ड्रॉइंग तुम्ही खरंच मागवलं होतं का?’

मामा : आणि मला तिचा फोन घ्यावा लागेल.

भाची : घ्यावा लागेल, मामा.